घरबसल्या सरकारी नोकरी: नागपूरकरांनी शोध कुठून सुरू करावा

आधी स्पष्ट सांगून टाकतो. कायमस्वरूपी, पगारी आणि सगळं काम घरूनच, अशी सरकारी नोकरी जाहिरातींत शोधत बसलात तर वर्षं निघून जातील. एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँका, जिल्हा परिषद, महानगरपालिका, कुणाच्याच भरतीत ‘घरून काम’ असं पद नसतं. करोनाच्या काळात सरकारी कर्मचाऱ्यांनी घरून काम केलं, पण ती आपत्तीतली सोय होती. केंद्र सरकारने ७ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या कार्यालयांत पूर्ण हजेरी परत सुरू केली.

तरी शोध सोडू नका. सरकारशी जोडलेली अशी बरीच कामं आहेत जी घराच्या दर्शनी खोलीतून, आपल्याच गावात राहून किंवा घरच्या टेबलावर बसून होतात. ती ‘वर्क फ्रॉम होम’ या नावाने येत नाहीत, म्हणून नजरेतून सुटतात. अभ्यासिकेत मुलामुलींचे फॉर्म भरून देताना मला सारखं दिसतं की या नावाच्या मागे सगळ्यात जास्त तीच माणसं लागतात ज्यांची गरज खरी असते. कुणाचं मूल तान्हं आहे, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, कुणाला स्वतःलाच चालायचा त्रास आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी गरज नेमकी ठरवा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: सरकारी असणं, घरी असणं, दरमहा ठरलेली रक्कम. तिन्ही एकत्र मिळणं जवळजवळ अशक्य, दोन मात्र मिळू शकतात. त्यामुळे कोणती सोडायची ते आधीच ठरवा.

ठरलेला पगार आणि सरकारी शिक्का हवा असेल, तर ‘घरी’ याचा अर्थ ‘घराजवळ’ असा घ्यावा लागेल. घर आणि सरकारी नातं हवं असेल, तर पगाराऐवजी कमिशन किंवा मानधन पत्करावं लागेल. घर आणि पगार हवा असेल, तर नोकरी खासगी असेल. सरकारची भूमिका फक्त ती शोधून देण्यापुरती राहील. हे घरच्यांसोबत बसून ठरवा, कारण कमिशनच्या कामात पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं आणि तेव्हा घरातला आधार लागतो.

ग्रामीण डाक सेवक: पोस्टच घरी येतं ती नोकरी

सगळ्यात जवळचं उत्तर टपाल खात्यात आहे, आणि शहरातल्या फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. ग्रामीण डाक सेवक (जीडीएस) भरतीत शाखा डाकपाल, म्हणजे ब्रँच पोस्टमास्तर, असं एक पद असतं. या पदाची अट अशी की निवड झालेल्या माणसाने त्याच गावात राहायचं आणि पोस्टासाठी जागा स्वतःच पुरवायची. जागा भाड्याने घेतली तर भाडंही त्याचंच. स्वतःच्या घरात रस्त्याकडची एक खोली असेल तर तिथेच पोस्ट थाटता येतं. खेड्यापाड्यांतली कितीतरी शाखा डाकघरं अशीच चालतात.

उमरेडकडच्या एका गावात मी असं पोस्ट पाहिलं आहे. समोरच्या खोलीत टेबल, भिंतीला टपाल खात्याची पाटी, शिक्का मारायची गादी, वजनकाटा आणि हातात मावणारं ते यंत्र. आत स्वयंपाकघर. ताई सकाळी पोरांचे डबे करून बाहेरच्या खोलीत येतात, आवर्ती ठेवीचे हप्ते घेतात, सुकन्या समृद्धीची पासबुकं भरतात, आधारवरून पैसे काढून देतात आणि हिशेब जुळवून दुपारी मोकळ्या होतात. मी विचारलं, “ताई, त्रास कशाचा होतो?” तर म्हणाल्या, “नेटवर्कचा भाऊ, दुसरं काही नाही.”

आता तपशील. शिक्षण दहावी पास, त्यात गणित आणि इंग्रजी हे विषय हवेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक जागांसाठी किमान दहावीपर्यंत मराठी शिकलेलं असावं लागतं. वय १८ ते ४०, राखीव प्रवर्गांना सवलत. संगणकाची माहिती आणि सायकल चालवता येणं अपेक्षित असतं. रोजचं काम चार ते पाच तासांचं. शाखा डाकपालाचा मासिक भत्ता १२,००० रुपयांपासून आणि सहायक शाखा डाकपाल किंवा डाक सेवकाचा १०,००० रुपयांपासून सुरू होतो. वर महागाई भत्ता वेगळा. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवरून यादी लागते आणि मग कागदपत्रांची तपासणी. मध्ये कुणाची ओळख लागायला जागाच नाही. ‘जीडीएस करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे, दुसरा अर्थ नाही.

डाक सेवक हा टपाल खात्याचा नियमित कर्मचारी मानला जात नाही, ही बाजूही माहीत असू द्या. उपजीविकेचं दुसरं साधन असणं हे अटींतच लिहिलेलं असतं, म्हणजे शेती, दुकान, शिकवणी, काहीतरी जोडीला लागतं. पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) किंवा पोस्टमन होता येतं, पण मग नोकरी घराबाहेरची होते.

अर्ज करताना एक गोष्ट नीट करा. टपाल खात्याच्या जीडीएस संकेतस्थळावर आधी महाराष्ट्र सर्कल निवडायचं, मग विभाग. नागपूर शहर आणि नागपूर मोफसल, म्हणजे शहराबाहेरचा भाग, हे वेगवेगळे विभाग आहेत. काटोल, सावनेर, रामटेक अशा बाजूच्या गावांसाठी मोफसलची यादी उघडा. प्रत्येक शाखा डाकघराचं नाव, पद आणि प्रवर्ग तिथे लिहिलेला असतो. पसंतीक्रम देताना ज्या गावात तुम्ही खरोखर राहू शकता तीच गावं वर ठेवा. मुली बऱ्याचदा जागा दिसेल तिथे टिक करत जातात आणि मग दूरच्या गावात निवड झाली की जाता येत नाही. माहेर किंवा सासर ज्या गावात आहे तिथली जागा निघाली तर तिच्यासारखी संधी नाही. शुल्क १०० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ. नोंदणी करताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर दिला की निवडीचा निरोप त्याच्याकडे जातो.

कमिशनवरची कामं: एजन्सी आणि केंद्र

इथे पगार नाही, पण वेळ तुमची आणि पत्ता तुमचाच.

महिलांसाठी टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीची एजन्सी असते, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना नावाची. नेमणूक राज्याच्या अल्पबचत यंत्रणेकडून होते, त्यामुळे चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अल्पबचत शाखेत करायची. जमा करून भरलेल्या हप्त्यांवर ४ टक्के कमिशन मिळतं. हिशेब मांडून बघा. मोहल्ल्यातली पन्नास घरं आणि प्रत्येकी हजार रुपये हप्ता धरला, तर महिन्याला ५०,००० रुपये गोळा होतील आणि तुमच्या हाती २,००० येतील. म्हणजे यावर घर चालत नाही. पण चारशे खाती सांभाळणाऱ्या बाया नागपुरात आहेत आणि त्यांनी मुलांची शिक्षणं यावर केली. मानेवाडा, महाल, जरीपटका अशा दाट वस्तीत हे काम पायी फिरून होतं. गोळा केलेली रक्कम त्याच महिन्यात पोस्टात भरणं आणि खातेदाराच्या कार्डावर सही करणं यात हयगय चालत नाही.

एलआयसीची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. दहावी पास, वय १८ ते ७० अशा महिलांसाठी ती आहे. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, कमिशन त्याशिवाय. पण विद्यावेतन आपोआप येत नाही. पॉलिसींचं उद्दिष्ट पूर्ण करावं लागतं, आणि पुढच्या वर्षी आधीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असाव्या लागतात. म्हणून नात्यातल्या दहा जणांना एकदा हप्ता भरायला लावून हे काम टिकत नाही. ही एलआयसीची पगारी नोकरी नव्हे, हे योजनेतच लिहिलेलं आहे. सध्याच्या एजंटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना ती मिळत नाही.

तिसरा मार्ग आपले सरकार सेवा केंद्राचा किंवा सीएससीचा, म्हणजे केंद्राच्या कॉमन सर्व्हिस सेंटरचा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रीमीलेअर, सातबारा, पीक विमा अशी कामं इथे होतात. आपले सरकार केंद्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालय रिक्त ठिकाणांची जाहिरात काढतं आणि त्यात गाव किंवा प्रभाग ठरलेला असतो. सीएससीसाठी टीईसी (टेलिसेंटर आंत्रप्रेन्योर कोर्स) नावाचं प्रमाणपत्र लागतं. संगणक, प्रिंटर, इंटरनेट आणि वीज गेल्यावर चालणारी सोय हा खर्च तुमचा. माझ्या मते रस्त्यालगत घर असेल आणि घरात दोन माणसं हाताशी असतील तरच यात पडावं. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत अशा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते आणि एकट्या माणसाला जेवायलाही उठता येत नाही.

घरच्या टेबलावर बसून होणारं मानधनाचं काम

हा भाग भाषा, कायदा, अध्यापन आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांचा. मराठी विश्वकोश मंडळ आपल्या ज्ञानमंडळांमार्फत विषयतज्ज्ञांकडून नोंदी लिहून घेतं. इग्नूचं नागपुरात विभागीय केंद्र आहे. तिथल्या अभ्यास केंद्रांना शैक्षणिक समुपदेशक लागतात आणि गृहपाठ तपासण्याचं काम घरी करता येतं. वकिलांसाठी टेली-लॉ या केंद्रीय योजनेत पॅनेलवर राहून फोनवरून सल्ला देण्याचं काम असतं. डॉक्टरांसाठी ई-संजीवनी ही ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याची सरकारी सेवा आहे. विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची दोन आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप दरवर्षी अनेकदा निघते. तिच्यातून नोकरी मिळत नाही, पण अर्ज, अहवाल आणि सादरीकरणाची सवय लागते.

अशा कामांच्या जाहिराती ‘भरती’ या मथळ्याखाली सापडत नाहीत. संस्थेच्या संकेतस्थळावर ‘पॅनेल’, ‘सूचीबद्धता’, ‘मानधन तत्त्वावर’, ‘तज्ज्ञांची नामिका’ हे शब्द शोधा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्कं असणाऱ्याला भाषांतराच्या पॅनेलवर वाव आहे. त्यासाठी युनिकोड मराठी टंकलेखन सफाईने यायला हवं. पीडीएफवरून बघून एक पान टंकायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून तपासा. ३० शब्द प्रति मिनिट मराठी आणि ४० इंग्रजी टंकलेखनाचं शासकीय प्रमाणपत्र असेल तर ते पुढे लिपिक भरतीतही कामाला येतं.

कायम नोकरी हवीच असेल तर घराजवळची बघा

बऱ्याच जणांना घरून काम करायचं नसतं, त्यांना नागपूर सोडायचं नसतं. अशांनी उगाच वरच्या गोष्टींत वेळ घालवू नये. नागपुरात इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलची मुख्यालयं आहेत. नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, एम्स, व्हीएनआयटी आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथेच आहे. संशोधन संस्थांत प्रकल्पापुरत्या कंत्राटी जागा वारंवार निघतात. जिल्हा परिषदेची गट क ची पदं जिल्ह्यापुरती असल्याने बदली झाली तरी सहसा जिल्ह्यातच होते. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार घरी.

नोकरीत गेल्यावर मिळणाऱ्या सवलती आधीच माहीत करून घ्या, त्या घरून काम करण्याइतक्याच मोलाच्या आहेत. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते, राज्यात ती १८० दिवसांची आहे. दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर काही दिवस घरून काम हीसुद्धा अशी सोय म्हणून लेखी मागता येते. मंजूर होईलच असं नाही, पण मागणी कायद्याला धरून आहे. सरळसेवा भरतीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.

खासगी काम, सरकारी दारातून

केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर घरून कामाच्या जागा वेगळ्या शोधता येतात. राज्याचं महास्वयम पोर्टल आहे. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात. मिहानमधल्या सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये नियम बदलून ठरावीक मर्यादेत घरून कामाची मुभा दिली. मुलाखतीला गेलात की त्या कंपनीत ती लागू आहे का, हे बिनदिक्कत विचारा.

जाहिरात कशी वाचायची

मूळ पीडीएफ उघडा. यूट्यूबवरचा व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवरचा तक्ता म्हणजे जाहिरात नव्हे. आधी शेवटची तारीख नका बघू, आधी पदाचं स्वरूप बघा. ‘वेतनश्रेणी’ किंवा ‘वेतनस्तर’ लिहिलं असेल तर नियमित पद. ‘एकत्रित मानधन’ आणि ‘अकरा महिने’ दिसलं तर कंत्राटी. ‘बाह्ययंत्रणेद्वारे’ असेल तर तुम्ही सरकारचे नव्हे, ठेकेदाराचे कर्मचारी. तिथे भविष्य निर्वाह निधी कोण भरणार ते विचारा. मग ‘कामाचे ठिकाण’ आणि ‘मुख्यालयी राहणे बंधनकारक’ या ओळी शोधा. ‘स्थानिक रहिवासी’ ही अट दिसली की थांबून वाचा, कारण तिथे स्पर्धा एकदम कमी होते. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील ही मानधनाची पदं याच अटीमुळे गावात राहणाऱ्यांच्या हक्काची आहेत. शेवटी शुद्धिपत्रक निघालं आहे का ते बघा. तारखा आणि जागा त्यातच बदलतात.

संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असेल तर ठीक. मधेच ‘जीओव्ही’ आणि शेवटी भलतंच काही असेल तर बंद करा. काही खऱ्या संस्थांचे पत्ते वेगळे असतात, उदाहरणार्थ आयबीपीएस किंवा एलआयसी. त्यांचा पत्ता त्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून टिपून घ्या.

फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या

‘डिजिटल इंडियाअंतर्गत घरबसल्या डेटा एन्ट्री, महिना पंचवीस हजार’ असा मेसेज तुमच्यापर्यंत आला असेलच. पीआयबी या केंद्राच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने अशा मेसेजना वेळोवेळी खोटं ठरवलं आहे. प्रकार साधारण तीन.

पहिला, पैसे भरा आणि कामाला लागा. नोंदणी शुल्क, मग लॅपटॉपची अनामत, मग ‘पोलीस व्हेरिफिकेशन’. राजमुद्रा छापलेलं नेमणूकपत्रही येतं. सरकार परीक्षा शुल्क घेतं, पण निवड झाल्यावर कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर अनामत मागत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट. सुरुवातीला एक पैसाही मागत नाहीत. करारावर ऑनलाइन सही घेतात, काही दिवसांत शेकडो फॉर्म भरायला देतात आणि अचूकतेची अट इतकी कडक ठेवतात की काम नापास ठरवणं त्यांच्याच हातात राहतं. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: करारभंग झाला, इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात खेचू. घाबरून लोक पैसे भरतात, घरी सांगत नाहीत. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, फोनवर बोलू नका, सगळे स्क्रीनशॉट ठेवा आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. यात लाज वाटण्यासारखं तुमचं काहीच नाही. खरा समन्स न्यायालयातून येतो, व्हॉट्सॲपवरच्या धमकीतून नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, तिथे नोटीस दाखवा.

तिसरा, ‘तुमच्या खात्यात रक्कम येईल, थोडी ठेवून बाकी पुढे पाठवा’. हे काम नव्हेच. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात, खातं गोठतं आणि चौकशीला तुम्हाला बोलावलं जातं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही देऊ नका.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती रोखता येते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा.

या आठवड्यात काय कराल

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जात आणि नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि सही हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. नावातला फरक आधी मिटवा. लग्नानंतर आधारवर सासरचं आणि गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, यावर कागदपत्र तपासणीत अनेक बायका अडतात. राजपत्रात नावबदल किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, जे तुमच्या बाबतीत लागेल ते काढायला वेळ जातो.

मग नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयमवर नोंदणी करा. टपाल खात्याचं जीडीएस पान, जिल्हाधिकारी कार्यालयाचं संकेतस्थळ आणि तुमच्या विषयाच्या दोन-तीन संस्थांची पानं मोबाइलमध्ये जतन करून ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडून बघा. ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक वाचनालयात चाळा. जीडीएसची जाहिरात निघाली की अर्जासाठी साधारण तीन आठवडे मिळतात. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रडतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरा. अर्ज भरल्यावर दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हा गुण आणि जन्मतारीख पुन्हा एकदा गुणपत्रिकेशी ताडून बघा, कारण यादी त्याच आकड्यांवर लागते.